आजाऱ्याचा वाटा

पहाटे अचानक तुमच्या पायाच्या आंगठ्यात आग पेटली असेल, चादरीचं टोक लागलं तरी किंचाळावंसं वाटलं असेल, आणि घरच्यांनी "एवढ्याशा आंगठ्याचं काय घेऊन बसलाय" असं म्हटलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. आंगठे सगळ्यांनाच असतात.

मी हरेश्वर. गावात हरी. आमचं गाव खाडीच्या मुखाशी. पाम गाव ओलांडलं की बोईसर स्टेशन, आणि तिथून गाडीनं उमरोळीवरून पालघर. ही गोष्ट साठच्या दशकातली आहे. तारापूरला वीजकेंद्राचं काम जोरात होतं, आमची तरणी पोरं दर्या सोडून तिकडे जायला लागली होती, आणि मी पांडूदादांच्या होडीवर होतो. पांडूदादा आमचे तांडेल, म्हणजे होडी त्यांच्या हुकमानं चालायची. मी दर्यावर जायचोच, पण माझं खरं काम जाळ्याचं. फाटलेलं जाळं माझ्याकडे आलं की नव्यासारखं होऊन जायचं, असं लोक म्हणायचे. मी नाही म्हणत नसे.

जाळं दुरुस्त करताना ते ताणून धरावं लागतं. दोन्ही हात विणण्यात गुंतलेले, मग धरणार कोण? पायाचा आंगठा. त्यात जाळं अडकवायचं, पाय लांब करायचा आणि विणत बसायचं. माझ्या उजव्या आंगठ्याला त्या दोऱ्यानं खाच पडली होती. आय म्हणायची, "तुजा आंगठाच कमावतो, तू नुसता बसतोस."

हात जाळ्यात, आंगठा जाळ्यात, आणि तोंडात विडी. विडी असली की भूक लागत नाही, हे आम्हा होडीवरच्यांना बापजाद्यांपासून ठाऊक. होडीत पाण्याचं पिंपही लहान, म्हणून पाणीही बेतानं. दिवसभर विड्या आणि काळा चहा, आणि घरी आलं की एकदाच राक्षसासारखं जेवण: भात, त्यावर सुक्या जवळ्याची चटणी, बोंबलाचं कालवण, वर घोटभर ताडी. भाजी हा प्रकार आमच्या घरात लग्नाकार्यालाच यायचा. मी याला जेवण समजत होतो आणि सुखी होतो.

काटा

पहिल्यांदा आंगठा सुजला तेव्हा आदल्या दिवशी जाळ्यात मोठं पाकट सापडलं होतं. पाकटाच्या शेपटीला विषारी काटा असतो. तो पायात घुसला तर माणूस आठवडाभर लोळतो. आंगठा लालबुंद, चमकणारा. सगळ्यांनी एका सुरात निदान केलं: पाकटाचा काटा. मलाही पटलं. काटा कधी लागला ते आठवत नव्हतं, पण दर्यात काय काय लागतं ते कोणाला आठवतं?

आठवडाभरानं सूज आपोआप उतरली. काही महिन्यांनी पुन्हा आली. मग पुन्हा. तीन-चार वर्षं असंच चाललं. काट्याचं टोक आत राहिलंय आणि ते फिरतंय, असं ठरलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा, प्रत्येक गड्याचा. गडी आजारी पडून घरी असेल तर त्याच्याही नावानं एक लहान वाटा पडतो. त्यात चांगलंचुंगलं घालतात: चिंबोऱ्या, कोळंबी, आणि खाडीच्या चिखलातली निवटी. निवटीचा रस्सा म्हणजे आमचं टॉनिक, बाळंतिणीला द्यायचं आणि आजाऱ्याला द्यायचं. हा वाटा नाकारायचा नसतो. तो दोनच प्रकारांनी बंद होतो. एक, आजारी माणूस आपल्या पायांनी किनाऱ्यावर येतो आणि स्वतःच्या हातानं तो वाटा मोठ्या ढिगात लोटून देतो. दुसरा प्रकार सांगायला नको.

तर आंगठा सुजला की मी घरी, मी घरी असलो की वाटा घरी, आणि वाटा घरी आला की आय चुलीपाशी. पितळी भरून निवटीचा रस्सा. "पी, ताकद येल." मी प्यायचो. मग झोपून करणार काय, विड्या ओढायचो. पुढे पुढे सूज उतरायची ती जेमतेम, आणि दोन दिवसांत पुन्हा चढायची.

चौथ्या वर्षी भाद्रपदात आंगठ्याच्या सांध्यावर एक गाठ आली होती आणि कातडीखालून पांढरं काहीतरी दिसत होतं. मी म्हटलं, हाच तो काटा. गावात गणपतकाका काटे काढण्यात पटाईत. अनेकांचे पाय त्यांनी वाचवलेत. ते बघून म्हणाले, "हरी, मला ह्यो काटा वाटत नाय."

"काका, तुमी काढा तर खरं," मी म्हटलं. दुखण्यानं माणूस हट्टी होतो.

त्यांनी सुरी तापवली आणि चीर दिली. आतून काटा आला नाही. ओल्या चुन्यासारखं पांढरं काहीतरी आलं. काका बघतच राहिले. त्यांनी जखम धुतली, बांधली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पुन्हा येऊन म्हणाले, "गाडी जुंपा. याला पालघरला न्या." तोवर पाय घोट्यापर्यंत सुजला होता आणि मला ताप भरला होता. त्या एका वाक्यासाठी मी काकांचा जन्माचा ऋणी आहे.

पालघर

दवाखान्यातले डॉक्टर वयानं मोठे, बुटके, आणि मला 'तुम्ही' म्हणणारे. तोवर मला 'तुम्ही' म्हणणारी फक्त बायको होती, तीही रागावली की.

त्यांनी जखम पाहिली आणि जानकीला, म्हणजे माझ्या बायकोला, बाजूला घेतलं नाही. माझ्यासमोरच बोलले. "जखम चिघळली आहे. हाडापर्यंत गेली तर आंगठा काढावा लागेल. आम्ही प्रयत्न करतो. पण आधी ही सूज का येते ते कळायला हवं. तोपर्यंत जखम भरणार नाही." मग रक्त काढून मुंबईला तपासायला पाठवलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाय गेलेली माणसं मी पाहिली होती, पण त्यांचे हात तरी जाळ्यावर चालायचे असं मी मनात म्हणत असे. आता लक्षात आलं की आंगठ्याशिवाय माझे हातही कामाचे नाहीत.

जानकी धीराची बाई. रात्र तिनं खाटेपाशी बसून काढली. सकाळी माझे पाय पुसताना म्हणाली, "तारापूरला कामावर वॉचमन ठेवतात. बसायचंच काम. आंगठा नाय लागत."

"मी मेलो नाय अजून," मी तिच्यावर खेकसलो.

"म्हणून तर सांगते," ती म्हणाली आणि पाणी ओतायला बाहेर गेली. बराच वेळ आत आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात माझ्यासाठी चहा होता.

वॉर्ड

दवाखान्याचा दिवस इंजेक्शननं सुरू व्हायचा. मग नर्सबाई पट्टी बदलायच्या. पट्टी चिकटलेली असायची, आणि बाई ती कोमट पाण्यानं भिजवत शांतपणे बसायच्या, ओढायच्या नाहीत. घाई नसलेली माणसं किती मोठं औषध असतात ते मला तिथे कळलं. मग कडू गोळी. त्या गोळीनं सूज उतरायची आणि पोट सुटायचं. एका पायावर उड्या मारत मोरीकडे धावणं हा माझा व्यायाम.

शेजारच्या खाटेवर माह्या होता, डोंगराकडच्या पाड्यावरचा वारली, खोकल्यानं हैराण. आम्ही दोघं मागच्या पडवीत चोरून विडी ओढायचो. डॉक्टरांनी त्याला विडी सक्त बंद केली होती, मला नुसतं 'नको' म्हटलं होतं. माह्या एकच झुरका घ्यायचा आणि विझवून कानामागे ठेवायचा. त्याची बायको डोंगरउतारावरच्या काकड्या, दुधी, शिराळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची आणि बाजार उठला की गाडीनं नवऱ्याकडे यायची. आय आणि ती खाटांच्या मध्ये जमिनीवर बसून गप्पा मारायच्या. दोघींची बोली वेगळी, पण नवरे आणि पोरं या विषयावर सगळ्यांची बोली एकच.

आठवड्याभरात जखम कोरडी पडायला लागली. डॉक्टर प्रथमच हसले. माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग एका पहाटे आंगठा पुन्हा पेटला. सूज आली, जखमेला टाके नव्हतेच, ती पुन्हा उकलली. नर्सबाईंनी पट्टी सोडली आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं.

डबा

मुंबईहून रक्ताचा निकाल आला होता. डॉक्टर माझ्या खाटेवर बसले.

"तुमच्या पायात काटा कधीच नव्हता," ते म्हणाले. "तुमच्या रक्तात युरिक ॲसिड नावाचा पदार्थ फार वाढला आहे. तो सांध्यात खड्यांसारखा साठतो. ते पांढरं तेच होतं. आता सांगा, तुम्ही खाता काय?"

मी सांगितलं. जवळा, बोंबील, ताडी. सकाळी चहा-विडी, दुपारी विडी, संध्याकाळी जेवण. ते ऐकत होते आणि मान हलवत होते.

"विडीमुळे हे झालं का?" मी विचारलं.

"ते मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण विडी ओढणारा माणूस वेळेवर आणि नीट जेवत नाही, हे मी रोज बघतो. विडी भूक मारते. मग तुम्ही एकदा जेवता, आणि त्या एका जेवणात नेमकं तेच असतं जे तुम्हाला सोसत नाही. पाणीही पीत नाही. सुका जवळा, सुकट, लहान मासळी, कलेजी, ताडी, हे बंद करा. भात, भाकरी, दूध, भाज्या खा, भरपूर पाणी प्या. इथे तर दवाखान्याचंच जेवण आहे तुम्हाला. मग सूज आली कशी?"

माझी नजर खाटेखाली गेली. डॉक्टरांची माझ्या नजरेपाठोपाठ गेली.

खाटेखाली डबा होता. आय रोज आणायची. पहाटे उठून रांधायची, पामपर्यंत चालत यायची, तिथून मिळेल त्या गाडीनं बोईसर, आणि मग पालघर. डॉक्टरांनी डबा उघडला. निवटीचा रस्सा. तळाशी चिंबोरीची नांगी.

आय भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टर तिला म्हणाले, "आजी, हे कोणी सांगितलं द्यायला?"

"सांगाया कशाला लागतं?" आय म्हणाली. "पोरगा आजारी हाय."

डॉक्टरांनी तिला खाली बसवलं आणि स्वतःही खाली बसले. "तुमच्या हाताला दोष नाही," ते म्हणाले. "रस्सा चांगला आहे. दुसऱ्या कुणाला दिलात तर त्याला ताकदच येईल. पण तुमच्या मुलाच्या रक्ताला तो चालत नाही. हा डबा बंद झाला नाही, तर मला आंगठा काढावा लागेल."

आयनं डब्याचं झाकण लावलं. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेर पडवीत जानकीनं तिला गाठलं. त्यांचं बोलणं मला आत ऐकू येत होतं. "आय, आता तरी वाटा नको म्हना. मी सांगते पांडूदादांना."

"खबरदार," आय म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "तुजा सासरा पडला व्हता तवा त्याला घास जात नव्हता. मी म्हनलं, मासळी कुजवायची कशाला, वाटा नको. दुसऱ्या दिशी तो गेला. माज्या तोंडानं मी पुन्ना नाय म्हननार नाय. माजा हरी जित्ता हाय."

मला बापाच्या मरणाची ही बाजू त्या दिवशी कळली. इतकी वर्षं ती एकटीनं वागवत होती. मला आंगठ्याचं दुखणं विसरायला झालं.

संध्याकाळी जेवणाचं ताट आलं. वरणभात आणि भोपळ्याची भाजी. मी ताट सारलं आणि उशाखालची विडी काढली. माह्या खोकता खोकता म्हणाला, "आदी भात खा. विडी कुटं पळून जात नाय."

मी रागानंच भात खाल्ला. पोट भरल्यावर विडी ओढली, पण ती अर्धीच गेली. त्या दिवसापासून मी एवढाच नियम धरला: आधी घास, मग विडी. तुम्हाला विडी सुटत नसेल तर एवढं तरी करून बघा. माझी अशीच कमी होत होत सुटली, कोणाला शपथ घालावी लागली नाही. वेळ लागला, चिडचिड झाली, जानकीनं ती सोसली.

बोईसरचा बाजार

पुढचे काही दिवस आय आलीच नाही. जानकीला विचारलं तर म्हणायची, "बाजारात जातात." आमच्या बाया मासळी विकायला जातातच, त्यात नवल नव्हतं. पण आयनं पाटी उचलणं सोडून बरीच वर्षं झाली होती. मला वाटलं, ती माझ्यावर रुसली. मग वाटलं, ती स्वतःवर रुसली, आणि ते जास्त वाईट.

एका दुपारी ती आली. हातात तोच डबा. मी घाबरून डॉक्टर कुठे आहेत ते बघितलं.

"उघड," ती म्हणाली.

डब्यात दुधीची भाजी होती. फिक्कट, पाणीदार, तिखटाचा पत्ता नाही. शेजारी तांब्यात दूध.

"ह्यो तुजा वाटा," आय म्हणाली. "पांडूदादाच्या होडीचा."

माझ्या चेहऱ्याकडे बघून माह्याची बायको हसायला लागली. मग उलगडा झाला. आय रोज किनाऱ्यावर जाऊन माझ्या नावचा वाटा घेत होती, एक शब्द न बोलता. तो पाटीत घालून बोईसर गाठायची. माह्याच्या बायकोपुढे पाटी ठेवायची. तिला पाड्यावर न्यायला मासळी हवी असायची, आयला भाजी. देवाणघेवाण झाली की दुधीचा वाटा घरी. तिनं तो नाकारला नव्हता, आणि मला खाऊही घातला नव्हता.

"आय, तुला सुचलं कसं?" मी विचारलं.

"सुचतंय काय त्यात? चालून चालून पाय दुकाया लागले, तवा बसले तिच्यापाशी," आय म्हणाली. "जेव. पानचट हाय, पन जेव."

मी जेवलो. खोटं कशाला बोलू, ती भाजी मला मुळीच आवडली नाही. पण डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाचं नव्हतं, एवढं नक्की.

गावात मात्र माझी चांगलीच खिल्ली उडाली. पांडूदादा दवाखान्यात भेटायला आले ते दारातूनच म्हणाले, "काय रं, माज्या होडीत दुधी कवापासून सापडाया लागला?" पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्या वाट्यात निवटी घालणं बंद करून पापलेट घालायला सुरुवात केली. त्याला बाजारात दोन भाज्या जास्त यायच्या.

आंगठा

दिवाळीच्या आसपास मला घरी सोडलं. निघताना डॉक्टरांनी आंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "राहिला." मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी धरलं. "वाकू नका, अजून जखम कोवळी आहे." नर्सबाईंना मी काही देऊ शकलो नाही. पट्टी भिजवणारे त्यांचे हात मात्र अजून आठवतात. माह्या माझ्याआधीच घरी गेला होता. त्याचा खोकला पुरता गेला नाही, पण पुढे पुष्कळ वर्षं त्याची बायको आणि आमची आय बाजारात एकमेकींच्या शेजारीच बसत.

सूज नंतरही कधीमधी आली. एखाद्या लग्नात जिभेनं दगा दिला की आंगठा दुसऱ्या दिवशी हिशेब चुकता करायचा. मोठ्या मासळीचा एखादा तुकडा कधीतरी खातो, पाणी भरपूर पितो, आणि होडीत माझं वेगळं मडकं असायचं, त्याला पोरं 'हरीची विहीर' म्हणायची.

मार्गशीर्षात एका सकाळी मी अंगणात बसलो, उजवा पाय लांब केला आणि आंगठ्यात जाळं अडकवलं. खाचेच्या जागी आता व्रण होता. दोरा त्यावर बसला तेव्हा कळ आली. मी थांबलो. मग हळूच ताण दिला. आंगठ्यानं धरलं.

आय दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली.

होड्या परतायच्या वेळी मी काठी न घेता किनाऱ्यावर गेलो. आय माझ्या मागून पाटी घेऊन येत होती, रोजच्यासारखी. वाटे पडले. शेवटी पांडूदादांनी माझ्या नावचा लहान वाटा बाजूला काढला. मी पुढे गेलो, वाकलो आणि दोन्ही हातांनी तो मोठ्या ढिगात लोटून दिला. पांडूदादांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी मागे वळलो. एवढ्या मोठ्या दुखण्यानंतर आमच्या घराचा वाटा आजारी माणसानंच उठून बंद केलेला आय पहिल्यांदाच बघत होती. तिनं रिकामी पाटी वाळूत पालथी घातली आणि तिच्यावर बसून पोटभर रडली. मी तिला रडू दिलं. मग पदरानं तोंड पुसून ती उठली.

"चल घरी," म्हणाली. "दुधी थंड व्हतोय."